अत्यंत समाधानी वस्ती

नाही! नाही म्हणजे नाही! चूक माझी नाही, आणि ज्याला म्हणायचंय की आहे, त्यानं इथं टाकीखाली चार माणसांत येऊन म्हणावं! दाराला कडी घालून, शिलाई मशीनवर बसून, येईल त्या गिऱ्हाइकाच्या कानात म्हणू नये! ऐकतोयस ना रे शिंप्या? …बघा, बघा, मशीन थांबली! ऐकतोय! म्हणे, 'तुझ्या तोंडापायी वस्तीचा पूल गेला.' माझ्या तोंडापायी? पूल पाण्यानं गेला! दोन महिने झाले, मधला तुकडा वाहून गेला, माझा ट्रॅक्टर त्या काठाला अडकलाय आणि मी या काठाला, आणि हा शहाणा म्हणतो तोंडापायी गेला! चूक माझी नाही!

बसा. सगळे बसा. आजी, तू पुढं ये, तुला ऐकू येत नाही आणि उद्याचं सगळं तुझ्यासारख्यांवरच आहे. कुणी उठायचं नाही. मी काल दिवसभर कचेरीत होतो, आज परत होतो, आणि काय झालं ते मीच सांगणार, पहिल्यापासून, कारण निम्म्या लोकांना शिंप्याकडून कळलंय आणि निम्म्यांना काहीच कळलेलं नाही, आणि तुम्हाला सांगतो, यात शिंप्याकडून कळलेले जास्त धोक्याचे!

तर. गेल्या महिन्यात ती मोजणीवाली मुलगी आली होती का नाही? आली होती. हातात ती काचेची पाटी, गळ्यात ओळखपत्र, चपला हातात घेऊन ओढ्यातून आली बिचारी, घोट्यापर्यंत चिखल. म्हणाली, 'काका, समाधान मोजायचंय.' मी म्हटलं कुणाचं? म्हणाली, 'नागरिकांचं.' आता मला सांगा, मी जमीन मोजताना पाहिलीय, दूध मोजताना पाहिलंय, या शिंप्यानं माझी कंबर मोजलेली आहे आणि दर खेपेला दोन बोटं जास्तच सांगितलेली आहे… पण समाधान? मी म्हटलं, पोरी, कशानं मोजतात गं? टेप आणलाय का? तर म्हणाली, 'नाही काका, एक ते पाच आकडे आहेत. पाणी, नाला, दिवे, कचरा, पूल, असे बारा प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा सांगायचा. एक म्हणजे…' आणि ती वाचायला लागली.

आणि मी म्हटलं, वाचू नको, कळतं मला.

हं. म्हटलं. म्हटलं मी तसं. मग? एक ते पाच कळायला काय वकील लागतो? तुम्हीच सांगा, कांद्याचं पीक बरं आलं की काय म्हणतो आपण? एक नंबर! बैल कसा आहे? एक नंबर! सून कशी मिळाली? एक नंबर! कुणी कधी म्हटलंय का, वा वा, काय बैल आहे, पाच नंबर? म्हटलंय? मग पाच म्हणजे काय झालं? शेवटचा! खालचा! टाकाऊ! पाच म्हणजे शेवटचाच ना? सांगा ना!

आणि मला कोण शिकवणार पाच म्हणजे काय ते? चार वर्षं शाळेत गेलो मी. वर्गात पोरं किती? पाच. माझा नंबर कितवा? दर वर्षी पाचवा! एकदासुद्धा हलला नाही! बाप प्रगतीपुस्तक हातात घ्यायचा, वाचायला यायचं नाही त्याला, पण आकडा कळायचा, पाच दिसला की उजव्या पायातली चप्पल काढायचा. चार वर्षं माझ्या पाठीवर पाच उठलाय, आणि आता कचेरी मला सांगणार पाच म्हणजे उत्तम? आणि चौथा नंबर कुणाचा होता विचारा. विचारा ना! हा! हा शिंपी! एका नंबरानं पुढं, तेवढ्यावर चाळीस वर्षं मिरवतोय माणूस!

म्हणून तर ऐकलं नाही त्याचं. आता खरं सांगतो. मोजणीच्या दिवशी हा दारात आला होता, तोंडात दोरा धरून, आणि म्हणाला, 'अरे, तिला नीट वाचू दे, पाच म्हणजे चांगलं असेल एखाद वेळी.' तुम्ही सगळे होता तिथं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, चौथ्या नंबरवाल्या, तू चड्ड्या शिव! सगळे हसले. लोहार तर सगळ्यात मोठ्यानं हसला. मग तेव्हा का नाही कुणी बोललं? आता सगळ्यांना तोंड फुटलंय!

तर ती पोरगी विचारत गेली. म्हणाली, 'पूल, काका?' मी म्हटलं, पूल? पूल आहे कुठं? मधून गेलाय, दोन टोकं एकमेकांकडं बघत उभी आहेत, माणूस आजारी पडला तर गाडी त्या काठाला थांबते, कसला पूल, लाज वाटते का तुमच्या कचेरीला, लिही, पाच! ती म्हणाली, 'नक्की पाच?' मी म्हटलं, सहा आहे का? म्हणाली, 'नाही.' मग पाच! 'नाला?' नाला तुंबलाय, डास इतके की ओळखीचे झालेत, पाच! 'दिवे?' कुठले दिवे! पाच! 'कर्मचाऱ्यांची वागणूक?' मी तिला वागणूक कशी आहे ते इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की तिचा कान लाल झाला, आणि शेवटी म्हटलं, पाच! आणि पाच काय, पोरी, तुझ्याकडं पन्नास असते तर पन्नास दिले असते!

आता ती म्हणते, 'काका, मला वाटलंच होतं काहीतरी उलटं होतंय, पण उत्तर देणाऱ्याला सुचवायचं नाही, असा आम्हाला नियम आहे.' नियम! मी तिच्यासमोर हात आपटतोय, तिची काचेची पाटी हादरतेय, आणि ती लिहितेय, अत्यंत समाधानी!

बरं, एवढ्यावर थांबलो असतो तर एक घर गेलं असतं. पण नाही! मला वाटलं, वस्ती आपली आहे, लोक भोळे आहेत, भिडेखातर कुणी दोन देईल, कुणी तीन देईल. म्हणून मी तिच्याबरोबर फिरलो. दारोदार. एक्केचाळीस घरं! प्रत्येक उंबऱ्यावर तिच्या आधी मी उभा! ही आजी म्हणत होती, 'पाणी येतं रे कधीमधी, तीन लिही गं बाई.' मी म्हटलं, आजी, तीन? डोक्यावर हंडा घेऊन मान गेली तुझी आणि तीन? पाच दे! दिले तिनं. घाबरून दिले. लोहारानं चार म्हटलं तर त्याला मी किती बोललो… बोललो ना रे? हं. मान हलवू नको, कळलं मला.

एक्केचाळीस घरं, बारा प्रश्न, सगळे पाच. एकजूट! आपल्या वस्तीत पाण्याच्या पाळीवर एकमत झालं नाही कधी, बोअर कुठं मारायची यावर दोन भाऊ बोलायचे बंद झाले, पण इथं? एकजूट! माझ्यामुळं! आणि चूक माझी नाही!

पुढं काय झालं? पाटी आली. कचेरीची गाडी आली पाटी घेऊन. कुठपर्यंत आली? ओढ्यापर्यंत! पुढं येणार कशी, पूल नाही! दोन माणसं उतरली, पँटी गुडघ्यापर्यंत वर केल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि पाण्यातून वस्तीत आणून ठेवली. दरवाजाएवढी लांब पाटी, लाकडी चौकट, वर पत्रा, त्यावर अक्षरं: 'अत्यंत समाधानी वस्ती.' एक जण तर पाण्यात घसरून बसला. पाटी वर धरून बसला, भिजू दिली नाही. मी म्हटलं, अरे बाबांनो, हे काय? म्हणाले, 'अभिनंदन, मोठ्या आनंदाची गोष्ट आहे,' आणि चप्पल शोधायला लागले.

मला तेव्हासुद्धा वाटलं, पाठवताना चुकली असेल. दुसऱ्या कुणाची असेल. आपण ती पाटी काय केली? पुलाच्या तुटलेल्या जागेत आडवी टाकली. फळी म्हणून. चांगली आहे, एका माणसाला पेलते. गेले पंधरा दिवस सगळी वस्ती 'अत्यंत समाधानी'वर पाय देऊन जा-ये करतेय. 'अत्यंत' तर आता दिसतच नाही, पुसलंय.

काल कचेरीत गेलो. का गेलो? तुम्हाला माहीत आहे का गेलो. माझी सून. आजपासून नवव्या दिवशी तारीख दिलीय डॉक्टरीणबाईंनी, आणि म्हणाल्यात, मूल आडवं आहे, घरी काही करायचं नाही, कळ आली की गाडी बोलवायची आणि थेट टेबलावर. आणि कळ काय तारीख बघून येते? पोरगा माझा परगावी कामाला, आठवड्यानं येतो. घरात आम्ही दोन म्हातारी माणसं. आणि लोहाराची आई कशी नेली होती आपण आठवतंय ना? दरवाजा काढून, दरवाजावर झोपवून, सहा जण पाण्यातून. वाचली. पण ती चाळीस किलोची म्हातारी होती आणि पाणी गुडघ्याएवढं होतं. आता कमरेला लागतंय.

म्हणून गेलो. ऐकलं होतं की कचेरीकडं एक तयार लोखंडी पूल आलाय, क्रेननं आणायचा, दोन तासांत बसवायचा, पुढचं पक्कं काम होईपर्यंत. एकच आहे. म्हटलं, आपल्यालाच मिळणार, दुसरं कोण आहे एवढं वाईट? साहेबासमोर उभा राहिलो. साहेब चांगला माणूस, हसरा. म्हणाला, 'या या, तुम्ही समाधानी वस्तीचे ना? एक नंबर आली तुमची वस्ती!' मी म्हटलं, एक नंबर? म्हणाला, 'हो, सगळ्या पंचवीस वस्त्यांत एक नंबर!' मी म्हटलं, साहेब, आम्ही पाच दिले होते. म्हणाला, 'हो ना, पाच दिले म्हणूनच एक नंबर.'

आता सांगा, डोकं फिरेल का नाही माणसाचं? पाच दिले की एक येतो! मग एक दिला असता तर काय पंचविसावा आला असता? 'बरोबर,' म्हणाला. 'आता कळलं तुम्हाला.'

मी म्हटलं, साहेब, पूल? तो म्हणाला, 'पूल गेला.' मी म्हटलं, गेला ते मलाही माहीत आहे! म्हणाला, 'तसं नव्हे, लोखंडी पूल गेला. सगळ्यात कमी समाधान असलेल्या वस्तीला मंजूर झाला. वरच्या वस्तीला. तीन दिवसांनी निघणार.'

वरच्या वस्तीला! अहो, त्यांच्याकडं दोन पूल आहेत! दोन! एक जायला आणि एक बसून गप्पा मारायला! मी म्हटलं, त्यांचं समाधान कमी? त्यांना काय कमी आहे? साहेबानं यंत्रात बघितलं. म्हणाला, 'सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना एक दिलाय. फार नाराज दिसतात.' आणि तिथंच माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण वरच्या वस्तीचा तो मिशाळ म्हातारा मला मागच्याच बाजाराला भेटला होता, आणि काय सांगत होता? 'आमच्याकडं आली होती रे ती मोजणीवाली. आम्ही म्हटलं, बाई, पाणी एक नंबर! दिवे एक नंबर! पूल एक नंबर! लिही, सगळं एक नंबर!'

हसू नका! यात हसण्यासारखं काय आहे? ते खूश होते, त्यांना पूल. आपण बुडतोय, आपल्याला पाटी!

मी साहेबाला म्हटलं, खिडकी उघडा. इथून आमचा ओढा दिसतो, पूल तुटलेला दिसतो, त्यावर तुमचीच पाटी आडवी टाकलेली दिसेल, उठा आणि बघा! तो म्हणाला, 'काका, खिडकीतून मोजत नाहीत. आकडा वर गेलेला आहे.' म्हणजे बघा, माणूस समोर ओरडतोय, ओढा मागं वाहतोय, आणि खरा कोण? आकडा! आणि तो आकडा कुणी दिला? मी! माझ्याविरुद्ध मीच साक्षीदार!

मग मी ओरडलो. कबूल. जरा जास्त ओरडलो. शिपाई आला, मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि तिथं ती पोरगी आली, मोजणीवाली. हळूच म्हणाली, 'काका, फेरमोजणी होऊ शकते. हरकतीचा अर्ज भरा. मुदत उद्या दुपारपर्यंत.' अर्ज आणून दिला. त्यात कारणांचे तीनच चौकोन. पहिला, उत्तर देणारा मयत. दुसरा, वस्ती सोडून गेला. तिसरा, उत्तर देणाऱ्याची समजुतीतील चूक. आणि खाली एक ओळ, स्वतःच्या अक्षरात लिहायची: मी चुकलो.

मी म्हटलं, चौथा चौकोन काढ. कचेरीची चूक. ती म्हणाली, 'तसा नाही काका.' मी म्हटलं, मग पहिल्यावर खूण कर, मयत लिही, पण मी चुकलो लिहिणार नाही! उठलो आणि घरी आलो. अर्ज कोरा. चूक माझी नाही तर लिहू कशाला?

घरी आलो, बायकोनं ताट घेतलं. भाकरी पुढं सरकवली, बस. सून भिंतीला टेकून बसलेली, दवाखान्याची पिशवी भरत होती. दुपटी, टॉवेल, साबण. मी सगळं सांगितलं, साहेब असा, आकडा तसा, मी असं सुनावलंय, मी लिहून देणार नाही म्हणजे नाही. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, 'बाबा, त्या पाटीवरून स्ट्रेचर जाईल का?'

जाईल का म्हणे.

रागावली नाही, रडली नाही. खरंच विचारत होती, जसं आपण विचारतो, एसटी मिळेल का. मी म्हटलं, बघतो. आणि गेलो ओढ्यावर, दोरी घेऊन, पाटी मोजली. मी! समाधान मोजलं मी! रुंदी दोन वीत चार बोटं. स्ट्रेचर त्याहून रुंद. आणि पाटी मधून वाकते, एका माणसाला वाकते. दोघं धरणारे आणि मध्ये ती… नाही जात. परत मोजली. नाही जात.

आज सकाळी कचेरी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो.

तीन अर्ज फाडले, सांगतो तुम्हाला. पहिल्यावर लिहिलं, मी चुकलो नाही. सवयीनं आलं, हातच तसा वळला. दुसऱ्यावर लिहिलं, आम्ही सगळे चुकलो. कारकून म्हणाला, 'अर्जदार एकच आहे, काका, सगळ्यांना कशाला घेता?' तिसऱ्यावर लिहिलं, मी चुकलो पण. तो म्हणाला, 'पण चालत नाही.' दोऱ्यानं बांधलेलं पेन, दोरा एवढासा, मान वाकवल्याशिवाय लिहिताच येत नाही! मुद्दाम बांधत असतील! चौथा अर्ज घेतला. चौथा! आणि लिहिलं. मी. चुकलो. सही केली. त्यानं वर शिक्का मारला. असा मारला, माझ्या बापानंही चप्पल एवढ्या जोरात नव्हती मारली.

हं. तर झालं. शिंप्या, ऐकलंस? मिळालं समाधान? लिही, पाच!

आता नीट ऐका, कारण मी हे पुन्हा सांगायला नसेन. म्हणजे जिवंत असेन, पण नसेन. अर्जावर साहेबानं शेरा मारलाय, 'अर्जदाराने फेरमोजणीच्या वेळी उपस्थित राहू नये.' पोरगीनंच सांगितलं म्हणे त्याला. उद्या दहाला ती येणार, मी घरात, दार बंद, तोंड बंद. लोखंडी पूल गाडीवर चढलेला आहे. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला तर गाडी परवा इकडं वळते. नाही आला तर वरच्या वस्तीला तिसरा पूल, त्यावर ते काय करतील देव जाणे, वाळवण घालतील.

तर उद्या तिला वाचू द्यायचं. पूर्ण. मध्ये बोलायचं नाही. आणि तिनं विचारलं, पूल? तर खरं तेच सांगायचं, पूल नाही, आम्ही हैराण आहोत, आणि आकडा, एक. आजी, एक! पहिला! नाही, चांगला म्हणून पहिला नाही, वाईट म्हणून पहिला! अगं… ते सोड. एक. लोहार, मला कळतंय तुला वाटतंय हा माणूस परत उलटं सांगतोय. वाटणारच. मीही माझं ऐकलं नसतं. पण शिक्का मारलाय बाबा माझ्यावर, आता तरी ऐक.

आणि कुणी मला चिडून पाच देऊ नका. माझ्यावर राग काढायचा असेल तर दहाव्या दिवशी काढा, मी इथंच टाकीखाली बसतो, हव्या त्यानं हवं ते बोला, मी 'चूक माझी नाही' म्हणणार नाही. पण उद्या नको. उद्याचा दिवस माझ्या सुनेचा आहे.

चला. सगळ्यांनी हात वर करा आणि दाखवा मला, उद्या काय सांगणार. वर! मागचे पण! …

अरे, हे काय?

आजी! लोहार, तूसुद्धा? अख्ख्या वस्तीनं पंजा दाखवलाय मला! पाच! पुन्हा पाच! अरे, हात वर करा म्हणजे… नाही, बरोबर आहे, मीच म्हटलं हात वर करा. तिकडं बघा. शिंप्याच्या दाराकडं. दार उघडलंय त्यानं, एक बोट वर धरून उभाय. बघितलंत? तस्सं. तो म्हणतो तस्सं. हो, मीच सांगतोय हे, शुद्धीत आहे मी.

चार बोटं मिटा.